चौथा चिरूट

राख दोन सेंटिमीटर आणि वर तीन मिलिमीटर झाली, तरी पडली नाही. शमाने पारदर्शक पट्टी शेजारी धरून दोनदा पाहिलं. आधीच्या तीन चिरुटांची राख दीडच्या आतच खचली होती. करडी, भुसभुशीत, मधूनमधून काळ्या रेघांची. या चौथ्याची राख पांढुरकी होती, शिंपल्याच्या आतल्या अंगासारखी, आणि पानाच्या शिरा तिच्यावर जशाच्या तशा राहिल्या होत्या. मॅग्नेशियम जास्त असलं की राख अशी चिवट होते, हे तिला माहीत होतं. तिने वहीत आकडा लिहिला, पुढे ‘मॅग्नेशियम?’ असं लिहिलं, आणि मग पेन तसंच धरून ती राखेकडे पाहत राहिली. बाहेर भोसरीच्या एमआयडीसीत दुपारच्या पाळीचा भोंगा झाला. खोलीतल्या पंख्याने धूर ओढून घ्यावा अशी व्यवस्था होती, तरी थोडा धूर टेबलाच्या कडेशी रेंगाळला आणि खाली उतरला.

अर्क आणि सुवास तयार करणाऱ्या त्या कंपनीत शमाला सतरा वर्षं झाली होती. बिस्किटातला वेलदोडा, सरबतातला वाळा, गोळीतली कच्ची कैरी असं बरंच काही तिच्या नाकाखालून गेलं होतं. आता परदेशातल्या एका अत्तरवाल्याला चिरुटाचा सुवास हवा होता, ‘हवाना’ या नावाने. विभागप्रमुख आदेश दुबईहून पाच चिरूट घेऊन आला होता. दोन क्युबाचे, बाकीचे निकाराग्वा, होंडुरास आणि डोमिनिकनचे. सहावा कंट्रोल म्हणून, म्हणजे नुसता तुलनेपुरता, त्याने कुठूनसा पैदा केलेला. सगळ्यांच्या कागदी पट्ट्या काढून त्याने त्यांना नंबर दिले होते आणि नावांची चिठ्ठी पाकिटात बंद करून ठेवली होती. आदेशचं मत ठरलेलं होतं. क्युबा तो क्युबा, बाकी सगळा पाला. शमाला काहीच मत नव्हतं. एकोणचाळीस वर्षांच्या आयुष्यात तिने चिरूट ओठाला लावला नव्हता. धूर आत घ्यायचा नाही, तोंडात धरायचा, नाकाने सोडायचा, हे तिने पुस्तकात वाचून घेतलं होतं आणि सकाळपासून ती ते कोरड्या शिस्तीने करत होती.

दुसऱ्या नंबरनेच तिला पहिला धक्का दिला होता. आधी नुसती मिरी, मग मिरीच्या मागून हळूच कोकोसारखं काहीतरी, आणि शेवटी ओल्या पाटीचा वास, शाळेतल्या. पाल्याला एवढं कुठून येतं, असं वाटून तिने बाजूला फुली केली होती. पण चौथा निराळा होता. तो एकदम काही बोललाच नाही. पहिल्या तृतीयांशात वाळलेलं गवत, कच्चा बदाम, एवढंच. मग गुऱ्हाळातल्या कढईच्या बुडाला जे करपतं आणि पोरं खरवडून खातात, ते. मग हिरडा, म्हणजे आधी तुरट आणि पाणी प्यायल्यावर गोड. आणि या सगळ्याच्या खाली, फार खाली, तळघरात दिवा असावा तसं काहीतरी उबदार, पिवळं. तिथे मात्र तिला नाव सापडलं नाही. नावं तिला पटापट सापडत. तिची नोकरीच त्यावर होती. तिने डोळे मिटले, पुन्हा एक झुरका घेतला. पिवळं. पेंढा. अंधार. कोणीतरी खालच्या आवाजात रागावतंय. हे शब्द वहीत लिहिण्यासारखे नव्हते. सतरा वर्षांत पहिल्यांदा तिने रकान्यात एक आडवी रेघ ओढली आणि गुण मात्र सगळ्यांत जास्त दिले.

सहाही झाल्यावर पाकीट फोडलं आणि आदेश हसत सुटला. म्हणाला, “मॅडम, तुमचं नाक आज रजेवर दिसतंय. चार नंबर हाच तर कंट्रोल. नाशिकहून येताना कळंबच्या टपरीवर घेतलेला. जुन्नरचा कोणी म्हातारा वळतो म्हणे.” मग त्याने स्वतः तो विझलेला चिरूट पुन्हा पेटवून एक झुरका घेतला, आणखी एक घेतला, आणि त्याचं हसू हळूहळू उतरत गेलं. त्या म्हाताऱ्याला गाठायला हवं, असं तो म्हणाला. पान कुठलं, कसं मुरवतो, सगळं लिहून घेऊ, महिन्याभरात इथे स्टीलच्या टाकीत तेच करून दाखवतो. शमा, तुम्ही तिकडच्याच ना? शमाने टेबलावरची राख कागदावर ओढून घेतली. जुन्नरात चिरूट वळणारा म्हातारा आता एकच उरला होता. त्या क्षणी एक साधं वाक्य बोलायचं होतं: ते माझे वडील आहेत. ती म्हणाली, पाहू.

हा तिचा नेहमीचा शब्द. दोन वर्षं ती अब्बांनाही हाच शब्द देत आली होती. राजमहंमद आता चौऱ्याहत्तरीचे झाले होते, उजव्या हाताची दोन बोटं नीट मिटत नव्हती, आणि दोन वर्षांपूर्वी ईदच्या दुपारी शेवया खाताखाता त्यांनी तिला विचारलं होतं की माझ्यामागं तू हे करशील का. घर आणि पुढचं दुकान तुझ्या भावाचं, इरफानचं, मागची खोली आणि तिच्यातलं पान तुझं, करणार असलीस तर. तुला शिकवलंय, तुला त्यातलं कळंल. ती म्हणाली होती, पाहू. मग दर रविवारी फोनवर तब्येत, पाऊस, इरफानच्या मुलींची शाळा हे सगळं झाल्यावर एक थोडी लांब शांतता यायची, आणि ती शांतता म्हणजे तोच प्रश्न असायचा. नाही म्हणायला काय लागत होतं? पुण्यात तिचं घर होतं, नोकरी होती. खरं तर नाही म्हणणं इतकं सोपं होतं की तेच तिला अडवत होतं. ज्या गोष्टीचं आपल्याला काहीच वाटत नाही तिला नाही म्हणणं म्हणजे रस्त्यातल्या दगडाला वळसा घालणं. अब्बांनी आयुष्य घातलेल्या गोष्टीला असा वळसा घालायचा, हे तिच्याने होत नव्हतं, आणि थांबून पाहायचं म्हटलं तर तिथे तिला काही दिसत नव्हतं.

आणि आता हे.  पण तिला टोचत होतं ते आदेशसमोर गप्प राहणं नव्हतंच. तिने ओळखलं नाही, हे टोचत होतं. सतरा वर्षांची होईपर्यंत ती त्या वासात झोपली, उठली, अभ्यासाला बसली. तिच्या वह्यांना, ओढणीला, केसांच्या मुळांना तो होता. आणि नाक म्हणून पगार घेणारी बाई त्या वासासमोर बसून आडवी रेघ ओढते. याचं कारणही तिला माहीत होतं, ती ते नव्या मुलांना शिकवायची. जो वास सतत असतो तो मेंदू मोजत नाही. आपल्या घराचा वास आपल्याला कधीच येत नाही, पाहुण्याला येतो. म्हणजे तिने अब्बांच्या चिरुटाचा वास आज पहिल्यांदा घेतला होता. तो तोवर वास नव्हताच, हवा होती. पुण्यात होस्टेलवर पहिल्या दिवशी खोलीतल्या मुलीने ट्रंक उघडताच काही न बोलता खिडकी उघडली, तेव्हा शमाला कळलंही नव्हतं की कशासाठी. कळल्यावर तिने सगळे कपडे दोनदा धुतले, आणि फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढे ‘कागद’ असं लिहिलं. जुन्नरात पूर्वी कागद करणारी घरं होती, त्यामुळे ते कोणाला खोटं वाटलं नाही. पुढे पुढे तिलाही वाटेनासं झालं.

शनिवारी सकाळी तिने शिवाजीनगरहून बस धरली. जानेवारी होता. मंचर सोडल्यावर धुकं इतकं खाली आलं की द्राक्षांच्या मांडवांचे नुसते खांब दिसत होते, वरचं सगळं पांढऱ्यात बुडालेलं. कळंबला बस थांबली तेव्हा टपरीवाला पुसायच्या फडक्याने बरण्या पुसत होता. कोणत्या तरी एका बरणीत अब्बांचे चिरूट असणार, पण काचेवर दव होतं. तिने खिडकी सरकवली नाही. गाडी हलली आणि त्या हलण्याबरोबर तिच्या आत काहीतरी सुटं झालं. ती आठ वर्षांची होती. एकाहत्तरचा मे. पुढच्या खोल्यांची कौलं काढलेली, आकाश सरळ घरात आलेलं, आणि मागच्या एकाच खोलीला छप्पर. तिथे दर वर्षी आंब्यांची अढी घालत. पश्चिमेकडच्या भाताचा पेंढा खाली, त्यावर रायवळ आंबे, वर पुन्हा पेंढा, आणि दार बंद. पिकलेले आंबे काढण्याचं काम शमाचं होतं. अंधारात हात घालायचा, चाचपायचं नाही, आंबा दबतो. फक्त नाकाने ठरवायचं, हा आज, हा उद्या. अम्मा म्हणायची, “इस छोकरी की नाक में आँखां हैं.” अम्मा घरात दखनीच बोलायची, अब्बा मात्र गिऱ्हाइकांपायी मराठीवर आले होते ते आलेच.

त्या वर्षी निपाणीच्या पानाच्या जुड्या उशिरा आल्या आणि ठेवायला कोरडी जागा दुसरी नव्हती. तेव्हा राजमहंमदांनी असं काही केलं जे दुसऱ्या कोणी केलं नसतं: अढी अर्धी उपसून पान तळाशी अंथरलं, वर हातभर पेंढा टाकला आणि त्यावर पुन्हा आंबे मांडले. एवढा पेंढा मधी हाय, त्याला काय व्हतंय, असं ते म्हणाले. आंबे पिकले, त्यांची ऊब खाली उतरली, पानाची वर चढली. बारा दिवसांनी शमाने पहिला आंबा काढून चोखला आणि थुंकून टाकला. शेजारच्यांच्या म्हशीनेही तोंड फिरवलं. पाहुण्यांना पोचवायचे तीन पाट्या आंबे ओढ्यात गेले, आणि अम्मा त्या बंद खोलीच्या दाराशी बसून दबल्या आवाजात संध्याकाळपर्यंत रागावत राहिली. पान काळपट, चिकट झालं होतं. ते वाया गेलं असंच अब्बा धरून चालले होते. फेकवलं नाही म्हणून त्यांनी स्वतःपुरते चार चिरूट वळले. त्यांतला पहिला ओढताना ते पायरीवर बसले होते आणि बराच वेळ हलले नाहीत; शमाला वाटलं होतं, आंब्यांसाठी रडतायत. पुढच्या वर्षी कौलं नवी होती, जागा भरपूर होती, तरी त्यांनी पान पुन्हा अढीतच घातलं, बिनआंब्याचं. आणि जुन्यातलं मूठभर पान नव्यात मिसळलं, दह्याला विरजण लावतात तसं. तेव्हापासून दर वर्षी. अढी फोडायच्या दिवशी आधी एक मूठ बाजूला काढायची, फडक्यात बांधायची, पुढच्या सालासाठी. एकतीस वर्षांत ती साखळी तुटली नव्हती. बसमध्ये बसून शमाने पेंढा, अंधार आणि रागावणारा आवाज आपापल्या जागी लावला. त्या रकान्यात लिहिण्यासारखं तरीही काही मिळालं नाही.

वारूळवाडीच्या पुढे धुकं फाटलं. जुन्नरात ती उतरली तेव्हा ऊन तिरपं आणि पातळ होतं, आणि दुकानाच्या पायरीवर निमगाव साव्याचे गेणभाऊ अब्बांसमोर पाय पसरून बसले होते. गेणभाऊ अब्बांच्याच वयाचे. बाजाराच्या दिवशी ते आधी इथे टेकायचे आणि मग बाजारात. तिला पाहून ते सरकले. “ये पोरी. तुझ्या बापाचा चिरूट म्हंजी सासुरवाडी बघ. बसलं की उठू वाटत नाय,” असं म्हणून ते हसले, आणि हसताना गाल आतून दिसला. डाव्या बाजूला, दाढांच्या जवळ, एक पांढरा चट्टा होता, नखाएवढा, कडा जरा वर आलेल्या. शमाने तो पाहिला आणि लगेच नजर काढून घेतली, मग पुन्हा टाकली. तिने हळूच विचारलं, किती दिवस झाले. गेणभाऊ म्हणाले, “त्यो व्हय, झाले की आठ म्हयने. तिखट लागतं जरा.” पुण्याला चला, सोमवारी चला, मी बरोबर येते, असं ती म्हणाली. त्यावर त्यांनी विझलेला चिरूट कानावर अडकवला. “डाक्टर काय म्हननार, ह्यो सोड. मंग तुझ्या बापाला कोन इचारील?” अब्बा हसले नाहीत. ते हातातल्या पानाची शीर काढत होते. शीर पानापासून सुटताना बारीक चर्र असा आवाज झाला.

इरफानने आतून चहा पाठवला आणि मागोमाग स्वतः आला. तो तिच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, आणि कोणाचं वाईट न चिंतणारा. त्याने दोन कॉम्प्युटर आणून ठेवले होते. ते खोक्यांतच होते, त्याच्या पलंगाखाली, कारण सायबर कॅफेला मागची खोली हवी होती. कॉलेजच्या पोरांना रिझल्ट बघायला नारायणगावला जावं लागतं, असं तो सांगत राहिला. मग आवाज उतरवून म्हणाला, “आपा, हो म्हण नायतर नाय म्हण. मी दोन्हीला राजी हाय. अब्बा आज अढी फोडणारेत, तुझ्यासाठी थांबलेत चार दिस. तुझं ते ‘पाहू’ आता पुरं कर.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता, थकवा होता, आणि तोच तिला अधिक लागला.

मागच्या खोलीत उजेड एका कौलाएवढा होता, काचेच्या. त्याखाली पेंढ्याचा ढीग, गुडघ्याच्या वरपर्यंत. पर्समध्ये तिने थर्मामीटर आणला होता. तो तिने काढला नाही. अब्बा म्हणाले, हात घाल. तिने बाही वर सारली आणि हात कोपरापर्यंत आत घातला. आधी गार पेंढा, मग कोरडी पानं, मग ऊब. अडतीस अंश, तिच्या डोक्यात कोणीतरी म्हणालं, फार तर एकोणचाळीस. अमोनिया उडून गेलेला. साखरा तुटलेल्या. एकतीस वर्षं एका मुठीतून दुसऱ्या मुठीत जगत आलेले जीव, नावं नसलेले. त्यांना एका बशीत वाढवून नावं देता येतील. पण तिची बोटं काही मोजत नव्हती. ती पानांत तशीच होती, झोपलेल्या माणसाच्या पाठीवर ठेवल्यासारखी. हात बाहेर काढला तेव्हा त्याला तो वास होता आणि या वेळी तो तिला आला. सगळा आला, वरपासून तळापर्यंत, आणि एक नवल असं झालं की आता तो तिला हवासा वाटला. हो म्हणावंसं वाटलं. तिने पाहिलंही ते: रविवारची सकाळ, हीच खोली, ती पेंढा उलटते आहे. पुण्याचं घर दूर कुठेतरी, झाकण लावून ठेवल्यासारखं. आदेशला यातलं काही कळायचं नाही. किंवा कळेल, आणि भोसरीच्या टाकीत हीच पानं फिरतील, आणि बाटलीवर दुसऱ्याच देशातल्या शहराचं नाव. तेही चालेल, असं क्षणभर वाटून गेलं. नावाशी काय करायचंय.

अब्बांनी तळातलं एक पान ओढलं, मांडीवर पसरलं, न मिटणारी दोन बोटं बाजूला ठेवून तीन बोटांनी चिरूट वळला. खळीचं बोट फिरवलं. मग पेटवून त्यांनी तो आधी तिच्यापुढे केला. बापासमोर ती चिरूट ओढते आहे, याचं दोघांनाही काही वाटलं नाही. मधल्या दारातून गेणभाऊंचं खोकणं आणि इरफानची बायको रुमाना हिने भांडी पालथी घातल्याचा आवाज येत होता. चिरूट तिच्याकडून अब्बांकडे गेला, परत आला. राख वाढत होती. लॅबमधल्यापेक्षा हा ओला होता, तरुण होता. तरी गवत आलं, बदाम आला, करपलेला गूळ आला. हिरड्याशी पोचल्यावर तिला बडे अब्बा आठवले. अब्बांचे थोरले भाऊ. त्या पहिल्या चार चिरुटांतला एक त्यांनी ओढला होता, आणि मग रोज दोन, बावीस वर्षं. शेवटची दोन वर्षं त्यांचा आवाज गेला होता, गळ्याला भोक होतं, आणि बोलायचं ते पाटीवर लिहायचे. शमा सुट्टीत आली की पाटी पुसायचं काम तिचं. ती विज्ञान शिकलेली. ओल्या फडक्याने पुसायची, म्हणजे खडू उडत नाही. एकदा त्यांनी लिहिलं होतं, फक्त वास दे. आणि अब्बांनी एक चिरूट पेटवून खाटेपासून हातभर अंतरावर धरला होता, आणि बडे अब्बांनी डोळे मिटले होते. नाकाने त्यांना श्वास येतच नव्हता. हे खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं.

तिने ते अब्बांना बोलून दाखवलं नाही, पण ते बहुधा तिथेच पोचले होते, कारण धूर सोडून झाल्यावर ते म्हणाले, “त्यो मागायचा आन मी द्यायचो. मला ठावं व्हतं की. तुझ्या पुस्तकांत छापायच्या आधीपासनं ठावं व्हतं.”  दरवर्सी मूठ काढताना वाटतं यंदा बास, असं त्यांनी सांगितलं. पर हात फडक्याकडं जातो. मग गेणभाऊ येतो, म्हणतो राजभाई, अवंदा लई झ्याक उतरलाय. मानसाला कोन असं म्हनतं म्हातारपनी? ते जरा हसले. अम्मा गेली त्या सालीही मूठ काढली होती, चाळिसावा दिवस व्हायच्या आधी. शमाने विचारलं, मग मला का विचारता?  राजमहंमदांनी पेंढा दोन्ही हातांनी बाजूला सारला, अढी उघडी केली, आत हात घालून एक मूठ काढली आणि ती उजेडात धरली. काळीभोर पानं, त्यांच्यावर तेलाची किंचित चमक. “माझा हात ह्यात लई बुडलाय, शमे. मला आतनं दिसत न्हाई. तू भायेरनं आलीस. तुला ह्याचा वास बी येतो आन बाकीचं बी दिसतं. करशील का न्हाई, येवढंच सांग. करनार असशील तर ही बांधतो.”

चिरूट तिच्या हातात होता, शेवटच्या तृतीयांशात आलेला. तिने एक झुरका घेतला आणि धूर तोंडात धरून ठेवला. ते पिवळं, उबदार आलं, आणि या वेळी तिने त्याला नाव द्यायचा प्रयत्न केला नाही. तिच्या नाकाखालून आजवर जे जे गेलं होतं त्यात इतकं खोल काही नव्हतं. क्युबाचं नाही, कुठलंच नाही. हे खरं होतं. आणि दारापलीकडे गेणभाऊ खोकत होते, आणि त्यांच्या गालात नखाएवढा पांढरा चट्टा होता, हेही खरं होतं. ही दोन खरी वाक्यं एकमेकांना खोडत नव्हती. शेजारी शेजारी होती फक्त, आणि त्यांच्या मधे हातभर पेंढासुद्धा नव्हता. दोन वर्षं तिला वाटत आलं होतं की नाही म्हणणं आपल्याला महाग पडत नाही, म्हणून ते म्हणता येत नाही. आता पडत होतं.  अब्बांची मूठ अजून उजेडात होती.  त्यांनी फडकं मांडीवर पसरलं नव्हतं. ते नुसतं खांद्यावर होतं. शमाने धूर सोडला, तो वर काचेकडे गेला आणि उजेडात निळा झाला. तिने चिरूट जमिनीवर टेकवून विझवला.

“नाही अब्बा,” ती म्हणाली. “मी नाही करणार. यंदाचं सगळं वळून टाका, मागं काही ठेवू नका.”